बाबांच्या सीड्या आणि माझं युनिकोड

वेबसाइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि बाबांचा धंदा डीटीपीचा, कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचा, म्हणजे आम्ही दोघंही आयुष्यभर स्क्रीनवर अक्षरं मांडत आलो, फक्त त्यांची शेवटी कागदावर जायची आणि माझी कुठेच जात नाहीत. तरी एकमेकांच्या कामातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही हे मला कळलं ते गिरगावातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि तळमजल्यावरचा त्यांचा गाळा रिकामा करायची वेळ आली तेव्हा. गाळ्यातलं सगळं सामान खोक्यांत भरून मुलुंडला आमच्याकडे आलं. लग्नपत्रिकांचे सॅम्पल अल्बम, बटर पेपरचे गठ्ठे, एक जुना पीसी, दोन जाडजूड कीबोर्ड आणि सीड्या, सीड्या, सीड्या. प्रत्येक सीडीवर मार्करने बाबांच्या अक्षरात 'स्मरणिका ९८', 'वाचनालय वार्षिक', 'चिरंजीव फायनल', 'चिरंजीव फायनल करेक्शन' असं लिहिलेलं. आईने एकदा बघितलं आणि जाहीर केलं की भंगारवाला रविवारी येतो.

त्याच सुमारास गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांचा फोन आला. गिरगावात केशवजी नाईक चाळीतला गणपती 1893 पासूनचा, त्या मानाने आमच्या गल्लीचं मंडळ पोरसवदाच, पण त्यांना आता वेबसाइट करायची होती आणि त्यावर जुन्या स्मरणिका टाकायच्या होत्या. "ताई, काही नाही ओ, काकांनी सगळं टाइप केलेलंच आहे, तुम्ही फक्त कॉपी-पेस्ट मारा." हे 'फक्त' ज्यांनी ज्यांनी आमच्या धंद्यात ऐकलंय त्यांना पुढचं सगळं आधीच कळलं असेल.

आधी तर सीड्या वाचायला घरात ड्राइव्हच नाही. माझ्या लॅपटॉपला नाही, नवऱ्याच्या लॅपटॉपला नाही, लेकीने तर सीडी हातात घेऊन विचारलं की हा आरसा आहे का. मग लॅमिंग्टन रोड. तिथे अजूनही सगळं मिळतं, फक्त विचारताना लाजायचं नाही. यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह घेतला, जुन्या पीसीचं एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, उडालं होतं ते बदलून घेतलं. काही सीड्यांची चकाकी पापुद्र्यासारखी सुटलेली, त्या गेल्याच. बाकीच्या घरघर करत का होईना, वाचल्या गेल्या.

आणि आत पेजमेकरच्या फाइल्स. आजच्या पोरांना सांगायचं तर पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर, इनडिझाइनच्या आधीचं, 2001 मध्ये त्याचं सातवं व्हर्जन आलं आणि तेच शेवटचं. पुढे काही वर्षं इनडिझाइनमध्ये ह्या फाइल्स उघडायच्या, सीएस 6 पर्यंत, नंतर ती सोय काढून टाकली. म्हणजे माझ्या आजच्या मशीनवर त्या फाइल्सना कोणी वालीच नाही. बाबांचा तो जुना एक्सपीवाला पीसी चालू झाला म्हणून निभावलं. पेजमेकर उघडला, स्मरणिकेचं पहिलं पान आलं, अध्यक्षांचं मनोगत, सुंदर, कडक, मार्जिन बघावं असं. बाबा मागे उभे राहून म्हणाले, "बघ, मास्टर पेज नीट बांधलंय की नाही." मी टेक्स्ट सिलेक्ट केलं, एक्स्पोर्ट मारलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, माझ्या लॅपटॉपवर उघडलं आणि समोर इंग्रजी अक्षरांची भेळ.

हे का होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन पॅरे सोडून दिले तरी चालेल. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे खरं तर इंग्रजीच फाइल असायची. कॉम्प्युटरला एका फॉन्टमध्ये 256 घरं माहीत, त्यातली बरीचशी ए बी सी डीची. फॉन्टवाल्यांनी काय केलं, ए बी सी डीच्या घरातलं चित्र काढून तिथे देवनागरीचं चित्र बसवलं. कृतिदेव फॉन्टमध्ये स्मॉल ई दाबलं की म दिसतो, जे दाबलं की र, के दाबलं की काना, कॅपिटल बी दाबलं की ठ, एच दाबलं की दुसरी वेलांटी. म्हणजे 'मराठी' असं जे तुम्हाला दिसतं ते फाइलमध्ये ई-जे-के-बी-एच आहे. फॉन्ट काढून घेतला की मराठी गेली. जुन्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केल्यावर कचरा येतो तो ह्याचमुळे, आणि गूगलला ह्यातलं अक्षरही सापडत नाही. त्याला बिचाऱ्याला ते इंग्रजीच वाटतं, तेही अडाण्याचं. त्यात दर फॉन्टवाल्याची घरं वेगळी. कृतिदेवचा टेबल श्रीलिपीला चालत नाही, श्रीलिपीचा तिसऱ्याला चालत नाही. बाबांच्या सीड्यांत दोन्ही होते, वर कोणीतरी दिलेले दोन-चार बिननावाचेही.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर असतो, फॉन्ट कुठलाही लावा. देवनागरी त्यात 1991 च्या पहिल्या व्हर्जनपासून आहे. मग बाबा 2005 लाही जुन्या फॉन्टमध्ये का टाइप करत होते? मी तावातावाने विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "अगं, पेजमेकर घेतच नव्हता. आणि प्रेसवाल्याला काय करायचंय युनिकोड, त्याला बटर पेपरवर काळं उमटलं की झालं." खरंय. एक्सपीवरसुद्धा मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन एक टिक मारावी लागायची आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं, ती कोणाकडे असायची! त्यांच्या धंद्यात त्याचा उपयोग शून्य होता.

तर आता कन्व्हर्टर लिहायचा. नेटवर तयार कन्व्हर्टर आहेत, एआयला सांगितलं तर तोही दोन मिनिटांत लिहून देतो, मी तेही करून बघितलं. पण बहुतेकांना हिंदी डोळ्यासमोर आहे. नुक्तेवाली, म्हणजे खाली टिंबवाली अक्षरं सगळी व्यवस्थित, आणि आपल्या ळची आणि ऱ्याची बोंब. शिवाय खरी गोची अक्षरं बदलण्यात नाहीच, ती आहे क्रमात.

'वार्षिक' हा शब्द घ्या, स्मरणिकेत दर पानावर आहे. बाबांनी तो टाइप केला तो असा: व, काना, मग पहिली वेलांटी, मग अर्धा ष, मग परत काना, मग रफार, मग क. का? कारण टाइपरायटरवर हात तसा चालायचा. डोळ्याला वेलांटी ष च्या आधी दिसते ना, मग ती आधी मारायची. रफार डोक्यावर शेवटी बसतो, मग तो शेवटी मारायचा. आणि ष ला स्वतंत्र की नाही, अर्धा ष मारायचा आणि त्याला कान्याचा दांडा लावायचा की पूर्ण ष. आता युनिकोडला हे सगळं उच्चाराच्या क्रमाने हवं: व, काना, र, हलन्त (म्हणजे पाय मोडायची खूण), ष, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरने पहिला काना काना म्हणून ठेवायचा, दुसरा काना ष च्या पोटात घालायचा, वेलांटी एक अक्षर मागे ढकलायची आणि रफार उचलून पुढे न्यायचा, तोही वेलांटीवरून उडी मारून. नुसतं अक्षराला अक्षर बदललंत तर 'वािषर्क' असलं काहीतरी येतं. हे असले शब्द तुम्ही सरकारी साइटवर, पेपरांच्या जुन्या पानांवर नक्की बघितले असतील. माझ्या डोक्यात ते आत्तापर्यंत 'टायपो' होते. ते टायपो नाहीत, कोणीतरी घाईत केलेलं कन्व्हर्जन आहे.

लांब जोड्या आधी, सुट्या अक्षरांचा नंबर मग, असा नियम लावला, मग वेलांटीसाठी वेगळा फेरा, रफारासाठी वेगळा. 'स्थिती'सारख्या शब्दात वेलांटीने एक नाही दोन अक्षरं ओलांडायची असतात, सगळं जोडाक्षर. हे रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधून बदलायच्या सूत्रांत, बसवताना मजा आली, खोटं कशाला बोलू. ऑफिसात दिवसभर बटणाचा रंग आणि पॉपअपची क्रॉसची खूण ह्यावर मीटिंगा करणाऱ्या माणसाला असलं काम म्हणजे मेजवानी. पवईला ऑफिस, आठवड्यातून दोन दिवस घरून. घरून असेन त्या दिवशी डेली स्टँडअपमध्ये, टीमच्या रोजच्या कॉलवर, माझ्या मागून बाबांचा आवाज, "अगं, अर्धा ज्ञ कुठे गेला बघितलंस का?" टीममधला एक तमिळ मुलगा आता मला कॉल सुरू झाला की आधी अर्ध्या ज्ञची खुशाली विचारतो.

पण टेबल अपुरा होता. की-बोर्डवर मावतात तेवढी अक्षरं मला माहीत होती, बरीच जोडाक्षरं मात्र ऑल्ट दाबून नंबर मारून यायची. ह्म, ह्य, द्द, ट्ट, ही सगळी मंडळी तिकडची. बाबांना विचारलं, ट्टचा नंबर काय? त्यांना आठवेना. ह्मचा? तोही नाही. तीस वर्षं रोज मारलेले नंबर, आणि माणूस कोरा. चिडले स्वतःवरच, वय झालं म्हणाले, चहा नको म्हणाले. मला वाटलं झालं, आता एकेक अक्षर शोधत बसा.

मग लक्षात आलं की माझ्या लॅपटॉपला उजवीकडचा नंबर पॅडच नाहीये. खोक्यातून त्यांचा तो पिवळट पडलेला जाड कीबोर्ड काढला, पुसला, जोडला. एक छोटंसं पान बनवलं, त्यात तो जुना फॉन्ट वेबफॉन्ट म्हणून लोड केला, म्हणजे ब्राउझरमध्येच त्यांना ओळखीचं अक्षर दिसेल आणि खाली कुठला कोड आला त्याची मी नोंद ठेवेन. म्हटलं बाबा, आठवू नका, मी शब्द सांगते तुम्ही फक्त टाइप करा. 'ब्राह्मण.' डावा अंगठा ऑल्टवर गेला, उजवा हात पॅडवर, टकटकटकटक, ह्म हजर. 'घट्ट.' हजर. 'जिद्द', 'सह्याद्री', 'पट्टी', 'मुद्दा'. मी शब्द शोधेपर्यंत त्यांचा टाइप झालेला. बोटांना सगळं पाठ होतं, तोंडाला नव्हतं. बाबांनी तरुणपणी दादरच्या एका क्लासात मराठी टायपिंग 40 ची परीक्षा दिली होती, शब्द प्रतिमिनिट 40, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि प्रत्येक वेळी 'हो हो' केलंय. त्या दुपारी पहिल्यांदा नीट बघितलं. मान वर, नजर समोर, की-बोर्डकडे ढुंकूनही नाही. लेक शाळेतून आली ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली आजोबा, तुम्ही गेमिंग करताय का.

ह्या लेकीचं वेगळंच. ती मराठी लिहिते म्हणजे फोनला सांगते. माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं, 'आजी मला धपाटे पाहिजेत', आणि उमटलं. मी स्वतः इंग्रजीत 'पाहिजे' असं स्पेलिंग मारून मराठी काढते, दहा वेळा चुकीचं सजेशन पुसते. घरात तीन पिढ्या, तिघांची मराठी लिहायची तऱ्हा तीन, आणि स्पीडमध्ये अजून बाबाच पुढे आहेत, लेकीची बाजू घेऊन सांगायचं तर ती 'ळ' मात्र चुकवत नाही, फोनला ओरडून सांगते.

तर तऱ्हा. हा जो ऱ्ह-ऱ्यामधला अर्धा र आहे ना, वऱ्हाड, कुऱ्हाड, दुसऱ्या, ह्यानेही पुष्कळ छळलं. हिंदीला त्याची गरज नाही म्हणून तयार टेबलांत तो नव्हता. युनिकोडमध्येही तो दोन पद्धतींनी लिहिता येतो, एकात खाली टिंब असलेला र घेऊन हलन्त देतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर. दोन्ही दिसायला तेच, पण सर्च करायला गेलात तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला सापडत नाही. तसंच ॲचं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं 2008 मध्ये, 5.1 व्हर्जनला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र काढून भागवायचे आणि बरेच कीबोर्ड अजून तसंच करतात. म्हणजे स्मरणिकेत 'ॲड.' अमुक तमुक असे मंडळाचे कायदेशीर सल्लागार आहेत, त्यांच्या नातवाने आजोबांचं नाव शोधलं तर त्याचा ॲ कुठला त्यावर आजोबा सापडणार की नाही हे ठरणार. मी सगळीकडे एकच रूप पक्कं केलं आणि सर्चच्या खोक्यात कोणी दुसरं टाकलं तर ते गुपचूप बदलून घेतलं. कोणाला दिसणार नाही असं काम, पण माझ्या मते ह्या अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात उपयोगी तेच.

मंडळाच्या पोरांनी साइटचा सांगाडा आधीच बनवून ठेवला होता त्यात पानाच्या पत्त्याला 200 कॅरेक्टरची मर्यादा. मराठी शीर्षक पत्त्यात गेलं की एकेका अक्षर-मात्रेचे तीन बाइट आणि त्यांचे टक्के-टक्के करून नऊ कॅरेक्टर होतात, म्हणजे बावीस झाले की कात्री. 'आमच्या गल्लीतील गणेशोत्सवाच्या आठवणी' ह्याचं तिसऱ्याच शब्दात मुंडकं उडालं. सरळ रोमन पत्ते दिले आणि पुढे गेले. मराठीच्या अभिमानाचे मेसेज येतील ते येवोत, व्हॉट्सॲपवर अर्धा स्क्रीन टक्क्यांनी भरलेली लिंक कोणी उघडत नाही.

पहिलं पान तयार झालं तेव्हा बाबांना टॅबवर दाखवलं. मला वाटलं आता खूश होतील. चष्मा वर केला, टॅब लांब धरला, म्हणाले, "हा श आपला नाही." म्हटलं म्हणजे? "हिंदीचा आहे. आपला देठाचा. आणि ल बघ, पाकळीचा पाहिजे." मी पंधराएक वर्षं मराठी साइट करतेय, क्लायंटने, टेस्टरने, कोणीही आजवर हे सांगितलं नव्हतं. शोधलं तर राज्य सरकारच्या 2009 च्या शासन निर्णयात मराठीचे ल आणि श कसे असावेत हे सांगितलेलं आहे, आणि काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पानाला 'ही मराठी आहे' असं लॅंग्वेजच्या खुणेने सांगितलं तर ब्राउझर आपोआप आपला ल, आपला श उचलतो. पोरांनी सांगाड्यात भाषा इंग्रजी ठेवली होती. दोन अक्षरं बदलली, फॉन्ट बदलला, पान रिफ्रेश केलं आणि श ला देठ आला. बाबा नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या "हं" मध्ये काय काय असतं ते माहीत असलेल्या आईने लगेच चहा टाकला, आणि त्या रविवारी भंगारवाल्याला परत पाठवला.

पुढे प्रूफ. बाबा रोज जेवण झाल्यावर टॅब घेऊन बसतात, चूक दिसली की वहीत लाल पेनाने ओळ आणि करेक्शन. म्हटलं तिथेच टॅबवर खूण करा, तर म्हणे प्रूफ कागदावरच दिसतं. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. 1998 च्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत एका गृहस्थांचं आडनाव चुकीचं छापलं गेलं होतं, तेव्हा ते गृहस्थ गाळ्यावर येऊन चारचौघांत वाट्टेल ते बोलून गेले होते, आणि बाबांनी पदरचे पैसे घालून शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक अंकात चिकटवली होती. आता बाबांना ते आडनाव साइटवर दुरुस्त करायचं. मी म्हटलं बाबा, हा जुना दस्तऐवज आहे, जसा छापला तसाच ठेवायचा. ते म्हणाले छापला मी, चूक माझी, दुरुस्त मी करणार, तू कोण? दोन दिवस अबोला. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला, जो मला सुचायला हवा होता हे मी त्याला सांगणार नाही: छापलेल्या अंकात शुद्धिपत्र चिकटवलेलं होतं ना, मग तेही अंकाचाच भाग. यादी जशीच्या तशी, खाली शुद्धिपत्र. बाबांनी ते शुद्धिपत्र स्वतः टाइप केलं.

कारण आता ते टाइप करतात, युनिकोडमध्ये. टाइपरायटरच्या लेआउटचा युनिकोड कीबोर्ड मिळतो, तो टाकून दिला, बोटं तीच आणि आत जातं ते खरं मराठी. एकच तक्रार, वेलांटी आधी मारली की अक्षर येईपर्यंत एक ठिपक्यांचं वर्तुळ दिसत राहतं, ते त्यांना आवडत नाही.

टाइप करायला भरपूर आहे, कारण जाहिराती. स्मरणिकेतल्या जाहिराती कोरलड्रॉमध्ये केलेल्या आणि सगळं टेक्स्ट कर्व्ह केलेलं, म्हणजे प्रेसकडे फॉन्ट नसला तरी बिघडायला नको म्हणून अक्षरांचं चित्र करून टाकलेलं. त्यातून कुठलाही कन्व्हर्टर काही काढू शकत नाही. मंडळाची पोरं म्हणाली, ताई, जाहिराती सोडून द्या ना, कोण बघणार. बाबा भडकले. जाहिरातींच्याच पैशांवर स्मरणिका निघायची, अर्धं पान, पाव पान, मलपृष्ठ रंगीत, आणि वसुली करायला स्वतः खजिनदार दारोदार फिरायचे. आणि खरं सांगायचं तर मजकुरापेक्षा जाहिरातीच वाचनीय आहेत. अध्यक्षांचं मनोगत दर वर्षी तेच आहे, पण किराणावाला, भांडीवाला, टायपिंग क्लास, बँजो पार्टी, 'आमचे येथे पत्रावळी होलसेल भावात मिळतील', ह्यातलं निम्मं आता गल्लीत नाही. फोन नंबर सात आकडी, कारण मुंबईत पुढे 2 लागून आठ आकडी झाले ते 2002 मध्ये. बाबा विचारतात, 2 लावू का पुढे? मी म्हणते नका लावू, जसं छापलंय तसं. तरी लावतात. "कोणी फोन केला तर?"

सध्या कृतिदेववाले अंक संपत आलेत. श्रीलिपीचा टेबल अर्धा झालाय, त्याचे कोड बाबांच्या बोटांना तितके पाठ नाहीत कारण ते काम जास्त करून त्यांचा असिस्टंट करायचा, तो आता विरारला असतो आणि रिक्षा चालवतो, त्याला शनिवारी जेवायला बोलावलंय. येताना नंबर पॅड चालणारा कीबोर्ड असेल तर घेऊन ये म्हटलंय, आमच्या त्या पिवळ्या कीबोर्डचा 7 अडकायला लागलाय.